१२.५ म्हणजे बारा क्विंटल पाच किलो नव्हे

अडत दुकानात मी दिवाणजी म्हणून लागलो, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून जी चूक झाली, ती कोणालाही गणित शिकवायला बसलो की आजही मला आधी आठवते. हंगामाचे दिवस होते आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक इतकी होती की दुपारी डबा उघडायला उसंत मिळत नसे. एका शेतकऱ्याच्या मालाचे वजन बारा क्विंटल पाच किलो भरले. तोलाईदाराने ते तोंडी सांगितले आणि मी पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदावर, १२.५ असे लिहून, दराने गुणून, हमाली वजा करून मोकळा झालो. गुणाकारात काहीही चुकले नव्हते. संध्याकाळी मात्र तोलाईदाराच्या वहीतील एकूण वजन आणि माझ्या पट्ट्यांवरील एकूण वजन जुळेना, आणि फरक नेमका ४५ किलोंचा निघाला. मालकांनी एकेक पट्टी चाळून ती पट्टी बाजूला काढली आणि रागावण्याऐवजी एवढेच म्हणाले, "दिवाणजी, हा आकडा मोठ्याने वाचा बरं." मी वाचले, "बारा पॉइंट पाच." ते म्हणाले, "असं नव्हे. घरी बोलता तसं वाचा." मी "साडेबारा" म्हणालो आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडताच मला घाम फुटला.

क्विंटलमध्ये १०० किलो असतात, म्हणून पाच किलो म्हणजे पाच शतांश, आणि ते ०.०५ असेच लिहावे लागते. १२.०५ आणि १२.५ यांत फरक एका शून्याचा आहे. आज क्विंटलला १४,००० रुपये असा सोयीचा दर धरला, तर त्या शून्याची किंमत ०.४५ × १४,००० म्हणजे ६,३०० रुपये होते.

निवृत्तीनंतर मी विश्रामबागेत राहतो आणि संध्याकाळी माझ्याकडे दोघे जण गणित घेऊन येतात. एक माझी नात, जी आठवीत आहे, आणि दुसरा तासगाव तालुक्यातील एक तरुण, जो शेजारच्या खोलीत भाड्याने राहून पोलीस भरतीची तयारी करतो. दोघांच्या वयात आठ वर्षांचे अंतर आहे, पण त्यांच्या चुका सख्ख्या भावंडांसारख्या एकमेकींशी जुळतात. दोघेही एकाच वेळी तीन पायऱ्या मनात करतात, कागदावर फक्त चौथी लिहितात आणि उत्तर चुकले की चौथ्या पायरीतच चूक शोधत बसतात. तरुणाची बाजू अगदीच लंगडी नाही. "काका, शंभर प्रश्न आणि नव्वद मिनिटं, एका प्रश्नाला चोपन्न सेकंद येतात, त्यात मी पायऱ्या कधी लिहू?" असे तो विचारतो आणि त्याचा हा भागाकार बरोबर आहे. परीक्षेत त्याने पायऱ्या लिहाव्यात असे माझे म्हणणे नाही. सरावाच्या वहीत मात्र त्या लिहिल्याच पाहिजेत, कारण जी पायरी कधी डोळ्यांसमोर आली नाही, ती मनात बरोबर होते आहे की नाही हे त्याला कळणार तरी कसे?

दशांश अपूर्णांकांपासून सुरुवात करण्याचे माझे कारण वरच्या पट्टीत आहेच, पण सांगलीकराला आणखी एक कारण सहज पटते. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले की सगळे शहर आयर्विन पुलाजवळच्या पातळीकडे डोळे लावून बसते. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. अशा रात्री मोबाईलवर आकडे फिरू लागतात. सकाळी "३९.२" असा आकडा येतो आणि दुपारी "३९.११" असा येतो. माझ्या नातीने हे पाहून "पाणी उतरलं, आजोबा" असे आनंदाने सांगितले होते, कारण शाळेत शिकल्याप्रमाणे ३९.११ हा ३९.२ पेक्षा लहान असतो. शाळेत शिकलेले खरे होते, पण तो आकडा दशांशाचा नव्हता. पाठवणाऱ्याने टिंबाच्या पुढे इंच लिहिले होते, म्हणजे पाणी ३९ फूट २ इंचांवरून ३९ फूट ११ इंचांवर चढले होते आणि इशारा पातळीला एकच इंच उरला होता. फुटात बारा इंच असल्यामुळे ३९ फूट ११ इंच हे दशांशात लिहायचे तर ११ ÷ १२ करून जवळपास ३९.९२ फूट असे लिहावे लागेल. क्रिकेटमधील ४.३ षटके याच जातीची असतात. तिथे टिंबानंतरचा तीन म्हणजे तीन चेंडू, आणि षटकात सहा चेंडू असल्यामुळे ती खरोखरची साडेचार षटके होतात.

म्हणून मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारतो की टिंबाच्या डावीकडच्या एका एककाचे उजवीकडे किती भाग पाडले आहेत. दहा, शंभर किंवा हजार भाग असतील तरच तो दशांश अपूर्णांक, आणि तेव्हाच त्याला दशांशाचे नियम लागू होतात.

वाचण्याची सवयही इथे घात करते. १२.३५ ला "बारा पॉइंट पस्तीस" आणि १२.४ ला "बारा पॉइंट चार" असे वाचले की पस्तीस हे चारपेक्षा मोठे वाटणारच. उपाय सोपा आहे: तुलना करण्यापूर्वी दोन्हीकडे टिंबानंतरची घरे सारखी करून घ्यावीत, म्हणजे १२.३५ आणि १२.४०, आणि मग पस्तीस शतांश व चाळीस शतांश यांत कोण मोठे हे सांगायला कोणाचीच गरज लागत नाही. जुन्या पिढीला ही अडचण फारशी आली नाही, कारण ती पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून वाढली होती. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते आणि पाव, अर्धा, पाऊण हे भाग सोळांत बिनबाकी बसत होते. माझे वडील १२.७५ या आकड्याला "पावणेतेरा" म्हणत, आणि या एका शब्दात १३ − ०.२५ ही वजाबाकी आयती करून ठेवलेली असते. आजच्या मुलांना पाऊणकी येत नाही याचे मला फार दुःख नाही, पण २.५ ला अडीच, ३.७५ ला पावणेचार आणि ४.२५ ला सव्वाचार असे मोठ्याने वाचण्याची सवय मी दोघांनाही लावली आहे, कारण कानाला चूक डोळ्यांआधी कळते.

दशांशांचा गुणाकार हा यांत्रिकपणे शिकवण्याचा विषय झाला आहे: टिंब विसरून गुणा आणि शेवटी घरे मोजून टिंब द्या. २.४ × ०.३५ घेऊ. २४ × ३५ = ८४०, घरे एक अधिक दोन म्हणजे तीन, म्हणून ०.८४०, अर्थात ०.८४. उत्तर बरोबर आले, पण घरांची बेरीज का करायची असे विचारले तर दोघेही गप्प बसले. मग आम्ही मधली पायरी लिहिली: २.४ म्हणजे २४ दशांश आणि ०.३५ म्हणजे ३५ शतांश. दहाव्या भागाचा शंभरावा भाग म्हणजे हजारावा भाग, म्हणून उत्तर ८४० सहस्रांश. घरांची बेरीज ही या वाक्याची सावली आहे. शिवाय गुणण्यापूर्वी अंदाज करावा असा माझा आग्रह असतो. ०.३५ हे एक तृतीयांशाहून किंचित जास्त आहे आणि २.४ चा तिसरा हिस्सा ०.८, म्हणून उत्तर ०.८ च्या थोडे पुढे असणार, कोणी ८.४ किंवा ०.०८४ लिहिले तर ते लगेच खटकते.

भागाकारात मात्र अंदाजच दगा देतो, कारण भागल्यावर उत्तर लहान होते अशी समजूत लहानपणापासून पक्की झालेली असते. ७.२ ÷ ०.०९ चे उत्तर नातीने ०.८ काढले आणि ते तिला पटलेही, कारण ते ७.२ पेक्षा लहान होते. मी तिला विचारले की ७.२ किलो हळदपूड ०.०९ किलोच्या पुड्यांत भरायची असेल तर एक तरी पुडी भरेल की नाही. ७,२०० ग्रॅम भागिले ९० ग्रॅम म्हणजे ८० पुड्या. भाज्य आणि भाजक दोघांनाही १०० ने गुणून ७२० ÷ ९ अशी जी पायरी पुस्तकात असते, ती म्हणजे हेच एकक बदलणे. दोन्हीकडे सारखाच बदल केला म्हणून भागाकार तसाच राहिला.

यानंतर क्रियांच्या क्रमाचा प्रश्न येतो आणि त्याबरोबर 'कंचेभागुबेव' येतो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम शिकवणारा तो शब्द मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या तोंडी असतो आणि माझ्या मते त्याने जितका उपकार केला तितकाच अपकारही केला आहे. तरुणाच्या सरावसंचात १८ − ६ + ४ × ३ ÷ २ असे उदाहरण होते. ४ × ३ ÷ २ चे ६ झाले, इथवर सगळे ठीक. उरले १८ − ६ + ६. 'बे' हा 'व' च्या आधी येतो म्हणून त्याने ६ + ६ = १२ केले, १८ मधून १२ वजा केले आणि ६ उत्तर लिहिले. खरे उत्तर १८ आहे. भागाकार गुणाकाराच्या आधी केल्याने काही बिघडत नाही, पण बेरीज वजाबाकीच्या आधी अशा तऱ्हेने केली की बिघडते, कारण त्यात ६ समोरचा वजा पुढच्या ६ वरही पसरतो आणि तो अधिकचा आकडा नकळत वजा होऊन बसतो. पुस्तकी नियम असा आहे की बेरीज आणि वजाबाकी समान दर्जाच्या असून त्या डावीकडून उजवीकडे कराव्यात.

मला मात्र हे रोजकीर्दीच्या भाषेत सांगायला आवडते. चिन्ह हे त्याच्यामागून येणाऱ्या संख्येचे असते. १८ जमा, ६ खर्च, ६ जमा. आधी सगळी जमा एकत्र केली, म्हणजे १८ + ६ = २४, आणि मग खर्च वजा केला, तर १८ शिल्लक राहतात, आणि विशेष म्हणजे असे केले की 'बेरीज आधी' हा नियमसुद्धा खोटा पडत नाही. खर्चाची रक्कम जमेच्या रकमेत मिळवून दोन्ही मिळून खर्ची टाकणारा दिवाणजी दुसऱ्या दिवशी कामावर राहणार नाही, एवढे त्या तरुणाला चटकन पटले.

चिन्ह संख्येबरोबर फिरते ही गोष्ट एकदा मनात रुजली की बीजगणिताचा अर्धा रस्ता संपतो. आताच्या पाठ्यपुस्तकांत अज्ञात संख्येसाठी इंग्रजी अक्षर असते. मी जुन्या वळणाचा असल्यामुळे 'क्ष' लिहितो आणि नात ते चालवून घेते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणित लिहिले तेव्हा अव्यक्त राशीला 'यावत्तावत्' म्हटले जात असे, म्हणजे 'जितके असेल तितके', आणि एकाहून अधिक अव्यक्ते असतील तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे असत. 'जितके असेल तितके' हे नाव मला 'क्ष' पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते, कारण त्यात क्ष हे कसलेही गूढ नसून फक्त अजून न तोललेले एक पोते आहे हे स्पष्ट होते.

तेव्हा पोत्यांचेच उदाहरण घेऊ. जुन्या पद्धतीच्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात हळदीची तीन सारखी पोती आणि २० किलोचे वजन आहे, दुसऱ्या पारड्यात तसेच एक पोते आणि १४० किलोची वजने आहेत, आणि काटा सरळ उभा आहे. एका पोत्याचे वजन क्ष किलो मानले तर ३क्ष + २० = क्ष + १४०. तरुणाने यावर लगेच "पक्ष बदलला की चिन्ह बदलतं" हे वाक्य म्हणून दाखवले आणि तरीही घाईत ४क्ष = १६० लिहिले, म्हणजे पक्ष बदलला पण चिन्हे तशीच राहिली. उत्तर आले ४०. मी त्याला चूक दाखवली नाही, ताळा करायला सांगितला. डावी बाजू ३ × ४० + २० म्हणजे १४०. उजवी बाजू ४० + १४० म्हणजे १८०. काटा एका बाजूला पुरता कलंडला.

हे 'पक्षांतर' शिकवण्याची घाई आपण फार लवकर करतो. प्रत्यक्षात कोणतेही पद उडी मारून पलीकडे जात नाही. दोन्ही पारड्यांतून एकेक पोते खाली उतरवले की काटा सरळच राहतो: २क्ष + २० = १४०. दोन्हीकडून २० किलो काढले की पुन्हा सरळ: २क्ष = १२०. दोन्ही बाजूंचा अर्धा भाग घेतला: क्ष = ६०. ताळा: ३ × ६० + २० = २०० आणि ६० + १४० = २००. यातील प्रत्येक ओळ ही स्वतंत्रपणे खरी आहे, आणि कोणत्याही ओळीत क्ष च्या जागी ६० घातले तर ती ओळ जुळते. म्हणूनच शेवटी उत्तर जुळले नाही तर सगळे खोडून पुन्हा करण्याची गरज नसते. बरोबर उत्तर पुस्तकात मागे दिलेले असेल तर ते एकेका ओळीत घालून पाहावे, आणि ज्या ओळीत ते पहिल्यांदा जुळत नाही, चूक तिच्या आणि तिच्या आधीच्या ओळीच्या मध्ये आहे. रोजमेळ लागत नसला की आम्ही असेच करत असू. महिन्याच्या सगळ्या बेरजा पुन्हा करत बसण्यापेक्षा कोणत्या तारखेपर्यंत शिल्लक जुळते हे पाहिले की पुढचे काम एका पानावर येऊन थांबते. व्यापाऱ्यांच्या वर्षअखेरच्या कागदाला 'ताळेबंद' म्हणतात, यात मला तरी योगायोग वाटत नाही.

ही युक्ती नातीने एका कंसाच्या उदाहरणावर चालवली. ५(क्ष − २) − २(क्ष − ७) = १३. तिची पुढची ओळ होती ५क्ष − १० − २क्ष − १४ = १३, मग ३क्ष − २४ = १३, मग ३क्ष = ३७, आणि क्ष म्हणजे साधारण १२.३३. पुस्तकातील उत्तर ३ होते. मूळ समीकरणात ३ घातले: ५ × १ − २ × (−४) = ५ + ८ = १३, जुळले. दुसऱ्या ओळीत घातले: १५ − १० − ६ − १४ = −१५, बिघडले. चूक पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये आहे एवढे कळल्यावर तिने स्वतःच बोट ठेवले: −२ ने −७ ला गुणल्यावर +१४ यायला हवे होते. ऋण गुणिले ऋण धन का होते हे तिला पुन्हा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "दोनदा सात खर्च व्हायचे होते, तो खर्चच रद्द केला, म्हणजे चौदा वाचले." यापेक्षा चांगले स्पष्टीकरण माझ्याकडे नव्हते.

भूमितीत अशी ताळ्याची सोय सहज मिळत नाही आणि तिथे फसवणारी वस्तू म्हणजे आकृती. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे चार मथळे आम्हाला शाळेत लिहावे लागत. त्यातील 'पक्ष' हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दिलेले काय आणि आपल्याला नुसते दिसते काय, यातील सीमा तिथे आखली जाते. त्रिकोणाचे कोन क्ष, २क्ष आणि ३क्ष असतील तर ६क्ष = १८० वरून ते ३०, ६० आणि ९० अंश निघतात; आकृतीत तो मोठा कोन कसाही वाकडा काढलेला असो. उलट, काटकोनासारखा दिसतो म्हणून काटकोन मानला की संपले.

गेल्या महिन्यात हा विषय वहीतून शिवारात गेला. त्या तरुणाच्या घरच्या जमिनीचा ओढ्याकाठचा एक तुकडा भावकीत वाटून घ्यायचा होता आणि त्याच्या चुलत्यांनी टेप धरून चार बाजू मोजल्या होत्या: क्रमाने ९० फूट, १२० फूट, ४२ फूट आणि १४४ फूट. गावाकडे अशा तुकड्याचे क्षेत्र काढण्याची सर्रास पद्धत अशी की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासरींचा गुणाकार करायचा. ९० आणि ४२ ची सरासरी ६६, १२० आणि १४४ ची सरासरी १३२; ६६ × १३२ = ८,७१२ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, अर्थात १,०८९ चौरस फूट, आणि ८,७१२ भागिले १,०८९ बरोबर ८ येतात. इतका सुबक पूर्णांक आल्यावर शंका घ्यायची कोणी? "आठ गुंठे झाले, काका," असे तो समाधानाने म्हणाला.

मी त्याला खिळ्यांनी सैल जोडलेल्या चार पट्ट्यांची चौकट डोळ्यांसमोर आणायला सांगितली. चौकट काटकोनात धरली की आत जास्तीत जास्त जागा असते, आणि ती एका बाजूला ओणवी करत नेली की बाजू तेवढ्याच राहून आतली जागा आटत जाते, अगदी मिटवली की शून्य होते. म्हणजे नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्र ठरतच नाही. सरासरीची रीत आयतापुरती खरी आहे आणि आयत सोडून इतर प्रत्येक चौकोनात ती क्षेत्र वाढवून सांगते, कमी कधीच सांगत नाही. चौकोन पक्का करायचा तर एक कर्ण मोजावा लागतो, कारण कर्ण काढला की दोन त्रिकोण होतात आणि तीन बाजू ठरल्या की त्रिकोण हलत नाही.

रविवारी गावी जाऊन त्याने कर्ण मोजून आणला: १५० फूट. आता पक्षात पाच लांबी होत्या. चौकोन अबकड मध्ये अब = ९०, बक = १२०, कड = ४२, डअ = १४४ आणि कर्ण अक = १५०. ९० चा वर्ग ८,१०० आणि १२० चा वर्ग १४,४००, बेरीज २२,५००, आणि १५० चा वर्गही २२,५००. म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासानुसार ब हा काटकोन. गवंडी पाया आखताना दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून गुण्या, म्हणजे काटकोन, साधतात, तेच हे प्रमाण तीसपट करून इथे आले होते. दुसऱ्या त्रिकोणात ४२ चा वर्ग १,७६४, १४४ चा वर्ग २०,७३६, बेरीज पुन्हा २२,५००. म्हणून ड हाही काटकोन. हे पाहून मीही थबकलो, कारण शेताचे दोन कोन असे अचूक सापडणे रोजचे नाही. पूर्वी कोणीतरी ही हद्द दोरीने नीट आखली असावी.

मग क्षेत्रफळ काढणे उरले. ½ × ९० × १२० = ५,४०० आणि ½ × ४२ × १४४ = ३,०२४; एकूण ८,४२४ चौरस फूट, म्हणजे सुमारे ७.७४ गुंठे. सरासरीच्या रीतीने २८८ चौरस फूट हवेतून निर्माण केले होते. समोरासमोरचे दोन्ही कोन काटकोन असल्यामुळे हा चौकोन एका वर्तुळात बसतो, आणि अशा चौकोनासाठी ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये दिलेले सूत्र लावूनही आम्ही पाहिले. अर्धपरिमिती १९८, तिच्यातून चारही बाजू वजा केल्या की १०८, ७८, १५६ आणि ५४, त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ नेमके ८,४२४. या चार बाजूंनी याहून मोठा चौकोन होऊच शकत नाही, त्यामुळे आठ गुंठे हे उत्तर कर्ण कितीही असता तरी अशक्यच होते.

इथे दशांशाने पुन्हा एकदा डोके वर काढले. ८,४२४ चौरस फूट म्हणजे साधारण ७८३ चौरस मीटर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहितात, म्हणून ते ०.०७.८३ असे दिसेल. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळचे आहेत की बोलताना लोक आरलाच गुंठा म्हणतात, आणि म्हणून ७.८३ आर व ७.७४ गुंठे ही एकाच जमिनीची दोन मापे असूनही घरात त्यावरून वाद होऊ शकतो. दोन टिंबांचा आकडा हा दशांश अपूर्णांक नव्हे हेही त्याने वहीत नोंदवून ठेवले.

एक शंका शिल्लक होती. आमचे सगळे गणित टेपवर उभे होते आणि टेप सैल धरला गेला असेल तर पाचही लांबी फसव्या ठरतील. ताळ्यासाठी दुसरा कर्ण बड हाताशी होता, कारण तो आम्ही कुठेच वापरला नव्हता. वर्तुळात बसणाऱ्या चौकोनात समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांची बेरीज ही कर्णांच्या गुणाकाराइतकी असते, हे टॉलेमीचे प्रमेय. ९० × ४२ = ३,७८०, १२० × १४४ = १७,२८०, बेरीज २१,०६०, भागिले १५० म्हणजे १४०.४ फूट. मी त्याला आकडा न सांगता दुसरा कर्ण मोजायला सांगितले.

पुढच्या रविवारी दुपारी शेतातून त्याचा फोन आला. "काका, एकशेचाळीस पॉइंट पाच."

"पाच म्हणजे साडेएकशेचाळीस, की एकशेचाळीस फूट पाच इंच?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग "थांबा, टेप परत धरतो" असे तो म्हणाला, आणि तेवढ्या वेळात मी कागदाच्या कोपऱ्यात ०.४ × १२ = ४.८ असे लिहून ठेवले.

"फूट एकशेचाळीस," तो सावकाश म्हणाला, "आणि इंच पाच."